हत्यार आणि सामान

जान्हवी: हात लावायच्या आधी मला एकदा विचारलं असतंस, तर तुझं काय झिजलं असतं, दादा?

(मुलुंडच्या घरात भर दुपारी फोन स्पीकरवर ठेवलाय. पलीकडे बोरिवलीहून जान्हवीचा थोरला भाऊ सर्वेश बोलतोय. अलीकडे आई, रत्नप्रभा, शिवणाच्या मशीनवर बसून दोघांचंही ऐकतेय आणि ऐकत नसल्यासारखं दाखवतेय.)

सर्वेश: सकाळपासून कितवा फोन आहे हा तुझा? आणि प्रत्येक फोनला हेच पालुपद. अपग्रेड करावंच लागतं गं. जुन्या सिस्टिमला आता कंपनी काही देणार नाही. उद्या व्हायरस शिरला असता तर माझ्याच नावाने बोंब मारली असतीस.

जान्हवी: व्हायरस शिरला नाही ना? तू शिरलास. दसऱ्याला सोनं द्यायला आलास, श्रीखंड-पुरी चेपलीस, आणि मी भांडी घासतेय तेवढ्यात माझ्या कम्प्युटरवर बसून अख्खी सिस्टिम बदलून मोकळा झालास. वर म्हणे, मुहूर्त चांगला आहे.

सर्वेश: साडेतीन मुहूर्तांतला एक आहे तो.

जान्हवी: मग लग्न लावायचंस तिच्याशी. माझ्या कामाची वाट का लावलीस?

सर्वेश: नीट बोल. मी रविवारचा घरात बसून तुझं निस्तरतोय, सपनाला बाजारात न्यायचं सोडून. काय होतंय ते सांग, शिव्या नंतर घाल.

जान्हवी: शंभरदा सांगितलं. डिस्क रांगतेय. सगळं शूटिंग त्या डिस्कवर आहे. आधी फिल्म एक्सपोर्टला लावली की दीड तासात हातात यायची. आता स्क्रीन म्हणते, अजून नऊ तास. आणि सहा वाजता मला अंधेरीला दीप्ती मॅडमच्या ऑफिसात ती द्यायचीय. वर्सोव्याच्या कोळणींवरचा पहिला भाग. आवडला तर पुढचे सगळे भाग मला, नाही दिला तर दुसऱ्या कुणालातरी. रांगेत माणसं उभी आहेत त्यांच्याकडे.

सर्वेश: एक दिवस वाढवून माग.

जान्हवी: मागितला. म्हणाल्या, पहिल्याच कामाला वेळ मागणाऱ्यांना मी दुसरं काम देत नाही.

सर्वेश: माज आहे.

जान्हवी: माज नाही, धंदा आहे. तुझ्या ऑफिसात चालतं तसं सगळीकडे चालत नाही.

आई: जान्हवी, चाय टाकू गो?

जान्हवी: नको.

आई: सकाळपासून पोटात काय नाय तुझ्या.

जान्हवी: आई, नको म्हटलं ना. तू मशीन चालव तुझं. हां दादा, बोल.

सर्वेश: रीस्टार्ट केलंस?

जान्हवी: तीनदा.

सर्वेश: डिस्कमधलं फुटेज आतल्या ड्राइव्हवर कॉपी कर आणि तिथून एक्सपोर्ट लाव.

जान्हवी: आत जागा असती तर बाहेरची डिस्क कशाला घेतली असती? आणि याच स्पीडने कॉपी करत बसले तर त्यातच संध्याकाळ होईल. काहीतरी डोकं चालवून बोल ना यार.

सर्वेश: बरं. नवी सिस्टिम आली की ती सगळ्या फायली वाचून त्यांची यादी बनवत बसते. डिस्कवर राइट क्लिक कर, प्रॉपर्टीज. खाली इंडेक्सिंगची टिक असेल, ती काढ.

जान्हवी: काढली.

सर्वेश: आता अँटिव्हायरसमध्ये जा. अपग्रेडनंतर तो सगळं नव्याने हुंगत बसतो. ही डिस्क वगळायला सांग त्याला.

जान्हवी: थांब... वगळली.

सर्वेश: एक मोठी फाईल कॉपीला लाव आणि सेकंदाला किती एमबी जातायत तो आकडा वाच.

जान्हवी: छत्तीस. सदतीस. आधी चारशेच्या वर असायचा रे हा आकडा. छत्तीस काय?

आई: कोण आसा दारार? जया? हां गो, सिलिंडरवालो येतलो तर पाठव हयसर. जान्हवी घरातच आसा, रिकामीच आसा, ती घेतली तुझो सिलिंडर.

जान्हवी: आई.

आई: काय झालां?

जान्हवी: मी रिकामी आहे?

आई: बोलण्याची एक पद्धत असता गो.

जान्हवी: कसली पद्धत? अख्ख्या मजल्याला ठाऊक झालंय. कुरियर आलं, जान्हवी घरातच आहे. नळवाला आला, जान्हवी घरातच आहे. जयाकाकूंची सून माहेरी गेली, पोराला जान्हवीकडे सोडा, ती काय सिनेमेच बघत असते. दादा ऐरोलीला एसीत बसून चहा पितो ते काम, आणि मी इथे पाठ मोडून बसते तो टाइमपास.

सर्वेश: आता मला कशाला मध्ये ओढतेस?

जान्हवी: कारण तूच शिकवलंयस आईला हे. गेल्या वर्षीची खंडेनवमी विसरलास? पाटावर बाबांचे पाने, आईची कातर, तुझा ऑफिसचा लॅपटॉप. मी माझा कॅमेरा नेऊन ठेवला तर उचलून खाली फरशीवर ठेवलास. आठवतंय काय म्हणालास?

सर्वेश: मस्करीत म्हणालो असेन काहीतरी.

जान्हवी: "पाटावर हत्यारं मांडतात, सामान नाही." सगळ्यांसमोर. सपनावहिनी हसल्या, तू हसलास. आणि आई गप्प.

सर्वेश: अगं, ते बाबांचंच वाक्य आहे. गिरणीतून वर्कशॉपला गेले तेव्हापासून ऐकत आलोय. घरातल्या माणसाचं पोट ज्याच्यावर चालतं ते हत्यार, बाकी सगळं सामान. मी काय नवीन सांगितलं?

जान्हवी: बाबा ते दुसऱ्यांना शिकवायला म्हणायचे नाहीत. स्वतःचे पाने पुसताना म्हणायचे. म्हणून यंदा मी त्या दिवशी घरात थांबलेच नाही. पहाटेच कॅमेरा उचलला आणि वर्सोव्याला गेले. म्हटलं, मांडा तुमची हत्यारं, मला बघायचीच नाहीत.

आई: न खाता गेलेलीस त्या दिवशी पण.

जान्हवी: आई, प्लीज.

सर्वेश: तुझं झालं असेल तर पुढचं सांगू? डिव्हाइस मॅनेजर उघड. डिस्क ड्राइव्ह्स, त्यात तुझी डिस्क, प्रॉपर्टीज, पॉलिसीज. तिथे दोन पर्याय असतील. एक झटकन काढता येण्याचा, एक परफॉर्मन्सचा. परफॉर्मन्सचा निवड.

जान्हवी: पहिल्यावर होतं. बदललं.

सर्वेश: हां, हेच असणार. अपग्रेडमध्ये हे आपोआप बदलतं. आता बघ आकडा.

जान्हवी: अडतीस.

सर्वेश: वाढला ना.

जान्हवी: एका आकड्याने वाढला. ढोल-ताशे लावू?

सर्वेश: डिस्क निळ्या पोर्टमध्येच आहे ना? मी मागे निळ्यात लावून दिलेली. काळ्यात असेल तर असंच होतं, काळे पोर्ट जुने असतात, हळू चालतात.

जान्हवी: निळ्यातच आहे.

सर्वेश: बघितलंस?

जान्हवी: मी तिला हात लावलेला नाही तर ती निळ्यातून उठून काळ्यात जाईल का? पाय आहेत तिला?

सर्वेश: वाकून बघायला काय जातं?

जान्हवी: दादा, कम्प्युटरचा डबा टेबलाखाली भिंतीला लागून आहे, त्यावर आईने क्रोशाचा रुमाल घातलाय, त्यावर तिच्या कापडांचे गठ्ठे आहेत. तिथे महिनोनमहिने काहीही बदललेलं नाही. बदललं ते एकच, तू बसवलेली सिस्टिम. विषय तिथेच आहे आणि तू मला टेबलाखाली घालतोयस.

सर्वेश: अगं पण...

जान्हवी: पण नाही आणि बिण नाही. मला जुनं परत दे. दहा दिवसांत मागे जाता येतं ना? सेटिंगमध्ये दिसतंय मला. गो बॅक. दाबू?

सर्वेश: नको, दाबू नकोस.

जान्हवी: का?

सर्वेश: मधेच अडकलं तर कम्प्युटर उघडणारच नाही. तुझं एडिटिंगचं सॉफ्टवेअर परत बसवायला लागलं तर सहा वाजायची वाटही बघायला नको.

जान्हवी: म्हणजे बदलताना माझा जराही विचार केला नाहीस, आणि मागे जाताना आता मला भीती घालतोस.

सर्वेश: मी भीती घालत नाहीये, खरं सांगतोय. जान्हवी, ऐक. हे बघ, आज नाही झालं तरी काही आभाळ कोसळत नाही. काहीतरी दुसरं आहेच की.

जान्हवी: दुसरं काय?

सर्वेश: काही नाही. आधी हे बघू.

जान्हवी: दुसरं काय आहे, दादा?

आई: उद्याच्या सोमवारचां म्हणता तो. तुझो निळो ड्रेस मियां इस्त्री करून ठेवलंय. जायचांच आसा तर बरां दिसाक व्हया.

जान्हवी: सोमवारी कुठे जायचंय?

आई: ऐरोलीक. प्रितमाच्या ऑफिसात. सर्वेशान सांगलां, तू हो म्हटलंस म्हणान.

सर्वेश: आई, तुला म्हटलं होतं ना मी स्वतः सांगेन.

जान्हवी: वा. वा दादा.

सर्वेश: अगं, नुसतं भेटायचंय. प्रितम माझा चांगला दोस्त आहे, जागा रिकामी होती, त्याला लगेच उत्तर हवं होतं.

जान्हवी: आणि तू दिलंस. माझ्या वतीने. आपलं काय ठरलं होतं? दिवाळीपर्यंत तू एक शब्द बोलणार नाहीस. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर मी स्वतः येऊन सांगेन, दादा, लाव कुठेतरी. ठरलं होतं की नाही?

सर्वेश: ठरलं होतं. पण जागा दिवाळीपर्यंत थांबत नाही.

जान्हवी: तू थांबत नाहीस. सिस्टिम न विचारता बदललीस, नोकरी न विचारता लावलीस. उद्या मुलगा पण बघून ठेवशील आणि मला म्हणशील, मुहूर्त चांगला होता. माझं आयुष्य म्हणजे काय तुझ्या ऑफिसातला कम्प्युटर आहे का, रात्री येऊन अपडेट मारून जायला?

सर्वेश: मी भल्यासाठीच करतो ना?

जान्हवी: कर. दुसऱ्या कुणाचं तरी कर. मी गो बॅक दाबतेय.

सर्वेश: जान्हवी, दोन मिनिटं. फक्त दोन. त्यानंतर दाब, मी एक शब्द बोलणार नाही. ती कॉपी चालू आहे ना? आकडा सांगत राहा.

जान्हवी: सदतीस. सदतीस. अडतीस. सदतीस.

सर्वेश: वर-खाली होत नाहीये? मधेच दोनशे, मग दहा, असं?

जान्हवी: नाही. मेल्यासारखा सरळ चाललाय.

सर्वेश: सरळ चाललाय म्हणजे डिस्क दमत नाहीये. सिस्टिम गोंधळलेली असती तर आकडा नाचला असता. ही कुणीतरी अडवल्यासारखी चाललेय. कॅमेऱ्याचा कार्ड रीडर आहे ना तुझ्याकडे? डब्याला पुढून पण एक निळा पोर्ट आहे. त्यात लाव आणि त्याच्यावरून काहीतरी कॉपी कर.

जान्हवी: लावला... नव्वद.

सर्वेश: नव्वद. म्हणजे ते कार्ड जेवढं देऊ शकतं तेवढं देतंय. सिस्टिम ठीक आहे, जान्हवी. सिस्टिम ठीक आहे. सकाळपासून मी कुणाच्या शिव्या खातोय?

जान्हवी: माझ्या. आणि अजून खाशील. डिस्क का हळू आहे ते सांग.

सर्वेश: आता डिस्क मागच्या पोर्टमधून काढून पुढच्यात लाव.

जान्हवी: म्हणजे शेवटी टेबलाखाली जायचंच. आई, ते गठ्ठे जरा सरकव. रुमाल पण घे तुझा... निळ्यातच होती दादा. सांगितलं होतं. हिच्यावर काहीतरी लाल-पिवळं लागलंय, फोडणीचं असणार, इथेच ताट घेऊन बसतात सगळे. हां, पुढे लावली. कॉपी चालू केली.

सर्वेश: किती?

जान्हवी: सदतीस.

सर्वेश: मग डिस्क गेली. नाहीतर वायर. पण वायर मी डिस्कबरोबरची दिली होती, तिला काय होणार? काळी, वीतभर आखूड, जाडजूड.

जान्हवी: काय म्हणालास?

सर्वेश: काळी. आखूड.

जान्हवी: ही पांढरी आहे. लांब आहे.

सर्वेश: पांढरी? अगं, ती फोन चार्ज करायची वायर आहे. तिच्यात चार्जिंगच्या आणि हळू डेटाच्या तारा असतात, जलद डेटाच्या नसतातच. टोक सारखं दिसतं म्हणून डिस्क चालू होते, पण त्यातून सदतीस-अडतीसच्या वर काही जाणार नाही, ब्रह्मदेव आला तरी. कुणी लावली ती?

जान्हवी: माझ्याकडे पांढरी वायरच नाही. आई.

सर्वेश: आई ऐकतेय का?

जान्हवी: मशीन थांबलंय तिचं. आई, ही वायर कुठून आली?

आई: ती सर्वेशाच्या जुन्या फोनची आसा.

जान्हवी: तू लावलीस?

आई: दोन्हीकडची टोकां सारखी होती. लावून बघितलंय तर दिवो पेटलो. म्हटलां, झालां.

जान्हवी: दिवा पेटला म्हणून झालं?

आई: माका काय कळतां त्यातलां?

जान्हवी: कळत नाही तर हात कशाला लावतेस? किती वेळा सांगितलं, माझं टेबल पुसू नकोस, माझ्या वस्तू हलवू नकोस. दसऱ्यापासून मी केस उपटतेय, दादाला वाटेल ते बोलतेय, तू इथे हातावर हात ठेवून ऐकत होतीस. एक वाक्य बोलायचंस. या घरात प्रत्येकाला वाटतं माझं सामान म्हणजे धूळ झटकायचं सामान. कुणीही या, उचला, कुठेही ठेवा. चार महिन्यांचं काम आहे आई त्यात. आज ते बुडलं असतं ना, तर तुझ्या फडक्यामुळे बुडलं असतं.

सर्वेश: जान्हवी, पुरे.

जान्हवी: तू गप्प बस.

आई: धूळ पुसूक नाय काढलंय मियां.

जान्हवी: मग कशाला काढलीस?

आई: खंडेनवमी होती.

जान्हवी: मग?

आई: मगे काय? पाटार मांडलंय.

सर्वेश: डिस्क? तू डिस्क पाटावर मांडलीस?

आई: कम्प्युटर माका उचलूक जमणां नाय. आणि ही घेतल्या दिवसापासून सांगता, आई त्या डबीक हात लावू नको, माझां सगळां त्या डबीत आसा. म्हणान डबी घेतलंय. एकटी डबी कशी ठेवूची, तिची वायर पण ठेवलंय. बाबांचे पाने, माझी कातर, आणि तिची डबी. हळद-कुंकू लावलंय, झेंडूचां फूल ठेवलंय. भोकात काय जावक दिलंय नाय हां, वरच्या अंगाकच लावलंय.

सर्वेश: आणि वायर?

आई: निरांजन लवंडलां. तेल सगळां वायरीर. माका भीती वाटली, लावलंय तर करंट मारीत, तिचां काम जळात. म्हणान पुसून मशीनीच्या खणात ठेवलंय, सुकली की लावतलंय. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळे इलास, पुऱ्या तळूच्या होत्या, रवलां तां रवलांच.

सर्वेश: आई, पण तू मला का नाही बोललीस? सकाळपासून आम्ही सिस्टिम सिस्टिम करतोय.

आई: तुम्ही सिस्टिम म्हणत होतास. वायर कोण म्हणाला? माका काय ठावक, वायरीन सिस्टिम बिघडता. आणि सांगतलंय असतंय तर तू हसलो असतस. गेल्या वर्षासारखो.

सर्वेश: आई, मी...

आई: गेल्या वर्षी मियां गप रवलंय तां बरोबर नाय केलंय. पोरगी न जेवता उठलेली पाटावरसून. माका दिसलां होतां. यंदा तू बोरिवलेक होतस, ही वर्सोव्याक गेलेली, घरात हसणारां कोण नव्हतां. म्हटलां, आपण मांडूया.

जान्हवी: दादाच्या लॅपटॉपची जागा रिकामी होती म्हणून मांडलीस?

आई: जागा कित्याक? चार म्हयने बघतंय तुका. माझ्यासारखीच मान खाली घालून बसतस, माझ्यासारखीच कंबर धरून उठतस. बाबा म्हणायचे ना, घरातल्या माणसाचां पोट जेच्यार चलतां तां हत्यार.

जान्हवी: माझ्यावर कुठे कुणाचं पोट चालतंय अजून?

आई: चलतलां तेव्हा चलतलां. मियां आदीच मांडलंय.

सर्वेश: मग ती वायर आता कुठाय?

आई: वायर खणात आसा गो. उजव्या बाजूच्या. बॉबिनींच्या डब्याखाली.

सर्वेश: मिळाली का गं?

जान्हवी: मिळाली. हिला अजून तुपाचा वास येतोय.

आई: तेलच होतां. तूप कुठला परवडता निरांजनाक.

सर्वेश: टोक कोरड्या कापडाने नीट पुस, मग लाव.

जान्हवी: पुसलं... लावली.

सर्वेश: किती?

जान्हवी: थांब.

सर्वेश: किती गं?

जान्हवी: चारशे तीस.

सर्वेश: बघ. एक्सपोर्ट काय म्हणतंय?

जान्हवी: परत लावलंय. एक तास वीस मिनिटं.

सर्वेश: सुटलीस. आता तरी बोल, दोष अपग्रेडचा नव्हता.

जान्हवी: नव्हता.

सर्वेश: आणि सकाळपासून मला जे जे बोललीस?

जान्हवी: त्यातलं एक अक्षर मागे घेत नाही. तू विचारलं नव्हतंस. नोकरीचं पण विचारलं नव्हतंस.

सर्वेश: आईने तरी कुठे विचारलं होतं? तिने पण न विचारताच डिस्क काढली. तिला माफी आणि मला शिव्या, हा कुठला न्याय?

जान्हवी: तू पाटावरून उचलून खाली ठेवलं होतंस, दादा. तिने खालून उचलून पाटावर ठेवलं.

सर्वेश: हां. बरं.

जान्हवी: मी हेडफोन घालतेय. शेवटच्या दहा मिनिटांचा आवाज ऐकून घ्यायचाय.

सर्वेश: एक मिनिट... जान्हवी?

आई: घातलान तिने कानात. आता आयकाक नाय जावचां तिका. थांब हां सर्वेश, दारार कोण आसा बघतंय... हां जया. इलो काय सिलिंडरवालो? थांब गो, मी येतंय उचलूक. नाय, जान्हवीक नाय जमूचां आता. तू पुढे हो... हां, बोल रे.

सर्वेश: सिलिंडर तू उचलणार? कमरेचं काय?

आई: दोघी मिळान उचलतो. तू बोल.

सर्वेश: आई, मला खरंच वाटलं होतं तिचं भलं होईल. प्रितमकडे पगार वेळेवर असतो.

आई: माका ठावक आसा. तू वायट नाय. तुका घाई आसा.

सर्वेश: तिला जरा फोन दे ना. प्रितम दोनदा मेसेज करून बसलाय, सोमवारचं नक्की का म्हणून. काय सांगायचं ते तिलाच विचारतो. या वेळी विचारूनच सांगतो.

आई: तिका आता हाक मारू नको. ती कामार आसा.

सर्वेश: मग प्रितमला काय सांगू?

आई: तांच सांग.